एक बोट जागा

एकदा एक परिचारिका आपल्या वृद्ध गुरूंकडे एक प्रश्न घेऊन आली. प्रश्न असा होता, की त्याचं उत्तर एका शब्दात देता आलं असतं. गुरूंनी ते दिलं नाही. एका शब्दात उत्तर देणारी माणसं आपल्याला फार आवडतात, आणि पुढे त्या शब्दाने आपलं भलं झालं नाही, की आपण त्यांनाच नावं ठेवतो. हे गुरू त्या बाबतीत मुरलेले होते.

परिचारिकेचं नाव हेमांगी. एका मध्यम शहरातल्या रुग्णालयात, अर्धांगाच्या रुग्णांच्या वॉर्डात, ती बरीच वर्षं काम करत होती. फ्रान्समधल्या एका लहानशा गावात वृद्धांसाठी एक निवासगृह होतं आणि तिथे तिची निवड झाली होती. अट एकच होती, फ्रेंच भाषेची परीक्षा उत्तीर्ण होण्याची. एकदा ती नापास झाली होती. निवासगृहाने आणखी एका परीक्षेपुरती तिची जागा राखून ठेवली होती, आणि इकडे रुग्णालयात तिने राजीनामा देऊन टाकलेला होता. तिच्या जागी नवी मुलगी रुजूही झाली होती. थोडक्यात, मागची फळी काढून घेतली होती आणि पुढची अजून टाकायची होती.

या खेपेला परीक्षेच्या नियमांत एक सवलत आली होती. शेवटचा आणि सर्वाधिक गुणांचा भाग उमेदवाराने आपल्या पसंतीने निवडायचा होता. छापील उतारा वाचून उत्तरं लिहा, नाहीतर ध्वनिमुद्रण ऐकून लिहा. अर्जातल्या दोनपैकी एका चौकोनावर खूण करायची, ती गुरूंकडे आली त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आत.

तिचे गुरू म्हणजे तिच्याच शहरातले, फ्रेंच शिकवणारे मास्तर. या शहरात फ्रेंच म्हटलं की लोकांना आधी दाढी आठवे, मग खिडकी, आणि भाषा आठवलीच तर सर्वांत शेवटी. तरीही मास्तरांच्या ओटीवर दर रविवारी सकाळी सतरंजी अंथरली जाई आणि चार-दोन का होईना, विद्यार्थी येऊन बसत. मास्तरांच्या आधी ती शिकवणी त्यांच्या थोरल्या बहिणीची होती. आईवडील लवकर गेले, तेव्हा याच अक्कांनी मास्तरांना वाढवलं. अक्का जे शिकल्या ते पुस्तकांवरून आणि रेडिओवरून शिकल्या. पाळणाघरात नोकरी करून आल्यावर त्या धाकट्या भावाला आणि गल्लीतल्या मुलींना फ्रेंच शिकवीत. त्यांच्या फ्रेंचला आपल्याकडच्या बोलण्याचा हेल होता. फ्रान्समधला कुणी ऐकता तर हसला असता, पण त्याला कळलं असतं सगळं.

अक्कांनी घालून दिलेला एक रिवाज त्या ओटीवर अजून चालू होता. श्रुतलेखनाचा उतारा तीनदाच वाचायचा. पहिल्यांदा नुसता ऐकायचा, पेन खाली ठेवून. दुसऱ्यांदा लिहायचा. तिसऱ्यांदा तपासायचा. चौथं वाचन नाही, कुणी रडलं तरी नाही. आणि लिहिताना एखादा शब्द निसटला तर तिथे कागदावर बोट टेकवायचं, बोटाएवढी जागा कोरी सोडायची आणि पुढे लिहू लागायचं. "एक बोट जागा, आणि चला," असं अक्का म्हणत, तांदूळ निवडताना खडा बाजूला टाकावा तितक्या सहज. त्या काळातल्या मुली आज आज्या झाल्या आहेत, आणि बाजारात एकमेकींना भेटल्या की अजून हेच वाक्य म्हणून हसतात.

हेमांगीच्या कागदावर मात्र ही बोटभर जागा कधी दिसली नाही. शब्द निसटला की ती त्याला सोडतच नसे. हा असेल का, तो असेल का, असं करत ती त्याच्याच मागे लागे. बहुतेक वेळा तिला तो सापडेही. पण तोवर पुढची दोन-तीन वाक्यं निघून गेलेली असत, आणि कागदावर एका अचूक शब्दाखाली पांढरं मैदान पसरलेलं असे. पहिल्या परीक्षेतही हेच झालं होतं. ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीलाच एक शब्द चुकला, बाई तिथेच बसली, आणि उरलेलं सगळं तिच्या डोक्यावरून गेलं. वाचनात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिथे उतारा कुठे पळून जात नाही.

तर त्या रविवारी बाकीचे विद्यार्थी गेल्यावर हेमांगी सतरंजीची घडी घालता घालता म्हणाली, "मास्तर, अर्जात काय भरू? वाचन की श्रवण?"

"तुला काय वाटतं?"

"सगळे म्हणतात वाचन घे, डोळे झाकून पास होशील."

"डोळे झाकून वाचन कसं करायचं ते त्यांनाच विचार," मास्तर म्हणाले. "अगं, सगळ्यांचं ठरलंय, तुझंही ठरलेलं दिसतंय. मग मला कशाला विचारतेस?"

हेमांगीने घडी घातलेली सतरंजी कोपऱ्यात ठेवली आणि म्हणाली, "खरं सांगू? वाचन घेतलं तर मी पास होईन. पण खूण करायला गेले की मनाला बरं वाटत नाही. आणि श्रवण घेतलं तर भीती वाटते. या वेळेला पडले तर मला कुठेच जागा नाही, मास्तर. ना इथे, ना तिथे."

मास्तर उठून आत गेले. ती वाट पाहत राहिली. ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात जुना टेपरेकॉर्डर होता, आणि त्यावर एक कॅसेट. कॅसेटच्या पुठ्ठ्यावरची शाई इतकी पुसट झाली होती, की काय लिहिलं आहे ते ज्याने लिहिलं त्यालाच कळावं.

"बस. श्रुतलेखन घेऊ या."

"आत्ता? मी सल्ला विचारत होते…"

"कागद घे."

बटण दाबल्यावर आधी बराच वेळ नुसती खरखर आली. मग एका बाईचा आवाज सुरू झाला. तो स्वच्छ होता आणि अजिबात घाईत नव्हता. हेमांगीने अक्कांना पाहिलेलं नव्हतं, तरी तिने तो आवाज लगेच ओळखला, कारण मास्तर वाचत ते याच चालीवर. उतारा साधा होता. एका पाववाल्याची बायको पहाटे उठते, भट्टी पेटवते, पीठ फुगायची वाट पाहते. रिवाजाप्रमाणे उतारा तीनदा वाजला, आणि तिन्ही वेळा शेवटचं वाक्य आलं, "मग तिने खिडकी उघडली आणि…"

आणि पुढे सगळं चुरगळलं. घशात काहीतरी अडकावं तसा आवाज येऊन फीत पुढे सरकली. थोड्या वेळाने मास्तरांनी ती थांबवली.

"इथे फीत खराब आहे," हेमांगी म्हणाली. "खिडकी उघडली आणि काय?"

"पुन्हा ऐकायचंय?"

तिने चमकून पाहिलं. उतारा तीनदा वाजून झाला होता. या ओटीवर चौथं वाचन कुणाला मिळाल्याचं तिने ऐकलेलं नव्हतं. पण मास्तरांनी खरोखरच कॅसेट मागे नेली आणि तेवढाच तुकडा पुन्हा लावला. तिने कान पुढे केला. कळलं नाही. त्यांनी पुन्हा लावला. ती आता टेपरेकॉर्डरवर ओणवी झाली होती, कागदावर 'हाक मारली', 'पाहिलं', 'गायली' अशा अर्थांची फ्रेंच क्रियापदं लिहून खोडत होती. ज्या माणसाने जन्मभर कुणाला चौथं वाचन दिलं नाही, तो माणूस आता न थकता, न बोलता, पुन्हा पुन्हा तोच तुकडा वाजवत होता. दरवेळी चुरगळलेला भाग संपून फीत थोडी पुढे जाई, मग ते थांबवत, मागे नेत, पुन्हा लावत.

शेवटी हेमांगीने पेन ठेवलं. "नाही जमत, मास्तर. तो शब्द गेलाय."

"गेलाच आहे," मास्तर म्हणाले. "आता मला सांग, त्याच्यानंतर अक्का काय म्हणाली?"

"त्याच्यानंतर? उतारा संपला ना तिथे."

"उतारा संपला. अक्का बोलत होती."

हेमांगीने आठवून पाहिलं. हो, मागे कुणाचा तरी आवाज होता खरा. दरवेळी होता. "काहीतरी बोलत होत्या. पण मी त्या शब्दाच्या विचारात होते, त्यामुळे… फ्रेंचमध्येच होतं ना?"

"मराठीत होतं," मास्तर शांतपणे म्हणाले. "इतक्या वेळा वाजलं, तुझ्या आईच्या भाषेत वाजलं, आणि तुला ऐकू आलं नाही."

हेमांगीचे कान तापले. वॉर्डात तिच्या कानांची ख्याती होती. ज्यांची अर्धी जीभ लुळी पडली आहे अशा रुग्णांचं बोलणं घरच्यांना कळत नसे, ते हिला कळे. आणि इथे तिला मराठी कळलं नव्हतं. तिला रडूच आलं.

"वाईट वाटून घेऊ नकोस," मास्तर म्हणाले. "मला ते ऐकू यायला तुझ्यापेक्षा पुष्कळ जास्त दिवस लागले."

मग त्यांनी सांगितलं. अक्कांना शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात जायचं होतं. मुलींचा रविवार बुडू नये म्हणून जाण्याआधी त्यांनी काही उतारे कॅसेटवर वाचून ठेवले. हा शेवटचा होता. वाचून झालं, पण बटण बंद करायचं राहिलं, आणि तेवढ्यात मास्तर कामावरून घरी आले. त्या काहीतरी म्हणाल्या. मास्तर हातातलं वर्तमानपत्र न सोडता "हं" म्हणाले. दुसऱ्या दिवशी अक्का रुग्णालयात गेल्या, आणि तिथून आल्या नाहीत.

"काही महिन्यांनी मी धीर करून ही कॅसेट लावली. श्रुतलेखन संपता संपता फीत आत गुंतली. पेन्सिल घालून, फिरवून, कशीबशी बाहेर काढली, पण नेमका तेवढा भाग चुरगळला. माझा 'हं' मात्र शाबूत राहिला. म्हणजे ती मला काहीतरी म्हणाली होती, मी त्याला 'हं' म्हटलं होतं, आणि ती काय म्हणाली ते माझ्याकडे नव्हतं. मी वेडा झालो गं. रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांकडे गेलो. रोज संध्याकाळी लावून बसायचो. आणि माझा 'हं' आला, की बटण दाबून मागे जायचो. तो 'हं' मला ऐकवत नव्हता. शिकवणीसुद्धा बंद पडली होती तेव्हा."

"मग?"

"मग एकदा दारात दूधवाला आला. मी बटण न दाबता तसाच उठून गेलो. फीत चालू राहिली. दुधाचं भांडं घेऊन परत येत होतो तर आतून अक्का बोलली. ऐक."

त्यांनी कॅसेट लावली. खिडकी उघडली आणि… चुरगळलेला भाग आला, गेला. मग तरुण मास्तरांचा, लक्ष नसलेल्या माणसाचा "हं" आला. या वेळी हेमांगीने पेन हातात घेतलं नव्हतं. त्या "हं"च्या मागोमाग भांडी हलल्याचा आवाज आला, आणि श्रुतलेखनातला नव्हे, स्वयंपाकघरातला आवाज म्हणाला, "माझ्यासाठी थांबू नकोस रे विनू. मला आवरायला वेळ लागेल. भूक लागली असेल, तू जेवून घे."

मास्तरांनी टेपरेकॉर्डर बंद केला. हेमांगीने पदराने डोळे पुसले, आणि मास्तरांनी ते पाहिलं नाही असं केलं.

मग ते म्हणाले, "वाचन काही कमी प्रतीचं नव्हे. मी जन्मभर वाचत आलो. पुस्तक फार दयाळू असतं. तू अडलीस तर ते तुझ्यासाठी थांबतं, मागे ये म्हटलंस तर मागे येतं. पण बोलणारं माणूस पुढे निघून जात असतं. त्याच्या एका शब्दापाशी आपण बसून राहिलो, तर शब्द मिळतोच असं नाही, आणि तिकडे ते माणूस एकटं पडतं. मी अक्काला तसं कित्येक वर्षं एकटं ठेवलं. ती कॅसेटमध्ये मला जेवून घे म्हणत होती, आणि मी न जेवता तिचा शब्द शोधत होतो." त्यांनी कॅसेट बाहेर काढली. "तुझ्या वॉर्डात अर्धं बोलणारे रुग्ण होते ना? त्यांचा शब्द निसटला तर तू काय करायचीस?"

"काही करायची नाही," हेमांगी म्हणाली. "त्यांच्याकडे बघत राहायची. पुढे काय म्हणतात ते ऐकायची. बहुतेक वेळा पाणीच हवं असायचं, नाहीतर घरचं कुणीतरी."

"मग एक बोट जागा सोडायला तू माझ्याकडे येण्याआधीच शिकली होतीस. ती फक्त कागदावर सोडवत नव्हती. तिथे तुला मार्क जाताना दिसतात." मास्तर हसले. "अर्जात काय भरायचं ते तूच ठरव. पास होणंही महत्त्वाचं आहे, मी काही साधू नव्हे. एवढंच ध्यानात घे, की तू जिथे निघाली आहेस तिथल्या म्हाताऱ्यांच्या अर्जात चौकोन नाहीत. ते बोलणार."

हेमांगी घरी गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिने वाचनाच्या चौकोनाकडे पुष्कळ वेळा पाहिलं. मग श्रवणावर खूण केली, आणि पुन्हा विचार बदलायला नको म्हणून अर्ज लगेच धाडून दिला. तिच्या मैत्रिणींनी तिला वेड्यात काढलं.

परीक्षेतला उतारा कठीण होता. बंद पडलेल्या एका कारखान्याविषयी कुणी म्हातारा कामगार भराभर बोलत होता. पहिल्याच वाक्यात एक शब्द निसटला. हेमांगीचा हात सवयीने थांबला. तिला त्या शब्दाचा विलक्षण मोह झाला. अगदी ओठांवर होता तो. मग तिने कागदावर डावं बोट टेकवलं, तेवढी जागा सोडली, आणि मान वर करून म्हाताऱ्याचं पुढचं ऐकू लागली. तो आपल्या कारखान्याच्या भोंग्याची आठवण सांगत होता. त्याचा आवाज जरा कापत होता.

निकालाचे पेढे घेऊन ती ओटीवर आली तेव्हा मास्तरांनी गुण विचारले नाहीत.

"जागा किती सोडल्यास?"

"पुष्कळ, मास्तर. कागद अगदी बोरं वेचून नेलेल्या झाडासारखा दिसत होता."

"छान," मास्तर म्हणाले आणि पेढा तोंडात टाकला.

ती निघाली तो दिवस रविवार नव्हता, तरी मास्तरांनी सतरंजी अंथरली होती. कुणीच आलेलं नव्हतं. ती पाया पडली. रिक्षा दाराशी उभी होती. बोलायचं पुष्कळ होतं, आणि दोघांनाही ठाऊक होतं, की मास्तरांचं वय पाहता ही ओटी पुन्हा अशीच दिसेल याची खात्री नाही. त्यामुळे दोघंही पासपोर्ट, स्वेटर आणि विमानात मिळणाऱ्या जेवणाबद्दल बोलत राहिले. आपल्याकडे मायेच्या माणसांचे निरोप असेच होतात.

रिक्षावाल्याने रिक्षा सुरू केली तेव्हा मास्तर फाटकाशी आले आणि काहीतरी म्हणाले. इंजिनाच्या फटफटाटात ते सगळं बुडालं. पूर्वीची हेमांगी असती तर तिने रिक्षा थांबवली असती, उतरून मागे आली असती, "काय म्हणालात?" असं विचारलं असतं, आणि ते "काही नाही गं" म्हणाले असते. तिने तसं केलं नाही. ती रिक्षातून बाहेर वाकली, मास्तरांच्या तोंडाकडे पाहत राहिली, आणि वळणावर रिक्षा हळू होऊन फटफटाट कमी झाला तेव्हा त्यांचं पुढचं बोलणं तिला स्वच्छ ऐकू आलं.

"…आणि पोचलीस की आधी जेवून घे."

हल्ली आपण सगळे आपल्या माणसांचे आवाज साठवून ठेवतो, हवे तेव्हा मागे नेतो, वेळ नसला तर दीडपट वेगाने ऐकतो. तसं जरूर करावं. पण समोर कुणी बोलत असेल, तर निसटलेल्या शब्दासाठी एक बोट जागा सोडावी आणि पुढचं ऐकावं. ते माणूस अजून बोलतं आहे.